नियम शिक्षकालाही लागू

स्टेट कॉलेज हे गावाचं नाव आहे, कॉलेजचं नाही, हे पेनसिल्व्हेनियात नव्याने आलेल्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. सुलेखाताई अभ्यंकर तिथल्या युनिव्हर्सिटीत जर्मन शिकवतात, कॉम्प्युटर नव्हे, हे त्यानंतर. दोन्ही गोष्टी पटायला साधारण सारखाच वेळ लागतो. गावातल्या गणपतीत एखादं नवीन जोडपं भेटलं की ‘काकू, तुम्ही काय करता?’ हा प्रश्न येतो. उत्तर ऐकून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि मग हमखास विचारतात, ‘नाही, पण मेन जॉब काय?’

सुलेखाताईंना आता याचा राग येत नाही. राग यायचा तो पूर्वी. पहिल्या वर्षी त्या वर्गात शिरल्या तेव्हा समोर झिमरमन, श्नायडर, योडर अशा आडनावांची मुलं बसलेली होती. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा याच डोंगरांमध्ये घरात जर्मन बोलत होते. मुलं दाराकडे बघत राहिली, खऱ्या बाई कधी येतात म्हणून. सुलेखाताईंनी फळ्यावर नाव लिहिलं, दार लावून घेतलं आणि पुढची पन्नास मिनिटं इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. तास संपला तेव्हा श्नायडर म्हणजे शिंपी हे श्नायडरला पहिल्यांदाच कळलं होतं, आणि तो फार खूश होता.

त्या मूळच्या मिरजेच्या. कॉलेजसाठी पुण्याला गेल्या तेव्हा फ्रेंचचा वर्ग भरला होता म्हणून जर्मन घेतलं, एवढी साधी गोष्ट. पुढे राजीवशी लग्न झालं, तो मटेरियल सायन्सचा प्राध्यापक म्हणून या गावात लागला, आणि सुलेखाताईंनी कडेवर निहारला घेऊन इथे पुन्हा एम. ए. केलं. नोकरी मिळाली ती लेक्चररची. तिला टेन्युअर म्हणजे कायमपण नाही, दरवर्षी नवं पत्र येतं. ‘माझ्याशी तुझं लग्न एकदाच झालं,’ राजीवराव म्हणायचे, ‘युनिव्हर्सिटीशी दर ऑगस्टमध्ये होतं.’ असे तीस ऑगस्ट झाले. आता राजीवराव रिटायर झालेत, निहार सिअ‍ॅटलला असतो, आणि सुलेखाताई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत.

पण ज्याला त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काम उन्हाळ्यातलं. मे महिन्याच्या मध्यावर बारा-चौदा मुलं घेऊन त्या ऑस्ट्रियातल्या ग्रात्स या गावी जात आणि सहा आठवडे तिथेच राहून शिकवत. मुलं तिथल्या कुटुंबांमध्ये राहायची. कुठलं मूल कुणाच्या घरी द्यायचं हे सुलेखाताई इतकं पारखून ठरवत की राजीवराव त्याला वधूवर सूचक मंडळ म्हणत. कुत्र्याला भिणारी मुलगी कुणाकडे नको, कोण सकाळी उठत नाही, कुणाला जेवताना गप्पा लागतात, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. फ्राऊ प्रासल नावाच्या विधवा बाई गेली सतरा वर्षं एक मूल ठेवून घेत होत्या. त्यांच्याकडे सगळ्यात लाजरं मूल पाठवायचं. प्रासलबाई भोपळ्याच्या बियांचं तेल आइस्क्रीमवरसुद्धा ओततात, आणि ते बघून मुक्या माणसालाही काहीतरी बोलावंच लागतं.

बावीस उन्हाळे त्यांनी असे काढले. या वर्षी मात्र मार्चमध्ये राजीवरावांची बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं, पण पुढचे तीन महिने आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या, जड उचलू द्यायचं नाही. राजीवराव म्हणाले, ‘तू जा. मी काय लहान आहे का?’ त्या आठवड्यात त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. सुलेखाताईंनी डिपार्टमेंटला कळवलं की आपल्याऐवजी केया जाईल.

केया एकतीस वर्षांची. टेक्सासमध्ये अर्विंगला वाढली. आई-वडील दोघंही सॉफ्टवेअरमधले. मुलगी जर्मन साहित्यात पीएच. डी. करते म्हटल्यावर त्यांनी काय चेहरे केले असतील ते सुलेखाताईंना न सांगता कळत होतं. दोन वर्षांपूर्वी ती डिपार्टमेंटमध्ये लागली. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजीचा हात धरते. डिपार्टमेंटमध्ये ती ‘सुलेखा’ म्हणायची आणि घरी जेवायला आली की ‘काकू’. मुलगी हुशार, शब्दाची पक्की, आणि थोडी जास्तच शहाणी. सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा अर्धा पाऊल पुढे जाऊन करणारी. सुलेखाताईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि तिची थोडी भीतीही वाटायची.

वरच्या ऑफिसने परवानगी एका अटीवर दिली. मुलांची काळजी घ्यायला युनिव्हर्सिटीचा शिक्षक सहाही आठवडे तिथे हजर हवा. तो मधेच निघाला तर मुलांना परत आणायचं आणि ग्रात्सचा कार्यक्रम कायमचा बंद. अट रास्तच होती. दुसऱ्याची मुलं सातासमुद्रापलीकडे नेतो आपण. पूर्वी सुलेखाताई स्वतःच जात असल्यामुळे असलं काही लिहून घ्यायची वेळच कुणावर आली नव्हती.

एप्रिलमध्ये त्यांनी केयासाठी एक फाइल तयार केली. त्रेचाळीस पानांची. मुलांच्या अ‍ॅलर्जी, दाताचा डॉक्टर, ट्रॅमचे पास, कुठल्या सणाला दुकानं बंद असतात, कुठल्या यजमानाशी राजकारण बोलायचं नाही. एप्रिलभर रोज संध्याकाळी त्या बसून आठवून आठवून लिहीत होत्या. ग्रात्स आपल्या हातून चाललंय हे लिहिताना जाणवायचं, आणि मग त्या आणखी एक पान लिहायच्या.

तिसऱ्या पानावर भाषेचा नियम होता. विमानातून उतरल्यापासून परत निघेपर्यंत फक्त जर्मन. रस्त्यात, ट्रॅममध्ये, आपापसात, रडतानासुद्धा. रविवारी अर्धा तास मुलांनी घरी फोन करून हव्या त्या भाषेत बोलावं, तेवढी सूट. आणि खाली, लाल अक्षरात: हा नियम शिक्षकालाही लागू. अपवाद नाही. मुलं शिक्षकाकडे डोळे लावून बसलेली असतात, शिक्षकाने एकदा इंग्रजीत ‘सॉरी’ म्हटलं की नियम गेलाच म्हणून समजा, हे त्या दरवर्षी सगळ्यांना सांगत.

केया गेली. पहिले दोन आठवडे तिचा रोज फोन यायचा, ग्रात्सच्या रात्री आठला, म्हणजे इथे दुपारी दोनला. बोलायची अर्थात जर्मनमध्ये, आणि सुलेखाताईही जर्मनमध्येच उत्तर द्यायच्या. आज व्याकरणाची परीक्षा झाली, योडर ट्रॅममध्ये पाकीट विसरला आणि ते मिळालं, अमक्याच्या घरी मांजर व्याली. दहा मिनिटांत फोन संपायचा. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की सुलेखाताईंच्या जिवाला बरं वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, थोडं लागायचंही. एकदा त्यांनी प्रासलबाईंना सहज फोन केला. ‘तुमची मुलगी फार गुणाची आहे,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्यासारखीच. कधी दमलेली दिसत नाही.’ फोन ठेवल्यावर सुलेखाताईंना वाटलं, आपल्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी तिथे एक सण होता. कॅथलिक गाव, सगळं बंद. यजमान मुलांना घेऊन डोंगरात, शेतांवर कुठे कुठे गेलेले. इथे दुपारचे दोन वाजले होते. सेमिस्टर संपल्यामुळे गाव ओस पडलं होतं, कॅम्पसची बस रिकामीच पुढे जायची. राजीवराव मागच्या काचेच्या खोलीत फेऱ्या मारत होते. डॉक्टरांनी दिवसाला चाळीस सांगितल्या होत्या, आणि इंजिनियर माणूस, त्यामुळे ते एकोणचाळीसला थांबणाऱ्यातले नव्हते. सुलेखाताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांमध्ये भरत होत्या. फोन वाजला तेव्हा त्यांनी स्पीकर लावून तो बाजूला ठेवला. राजीवरावांना जर्मन ‘गुटेन टाग’च्या पुढे येत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर जर्मनमध्ये काहीही बोलता येतं.

‘फ्राऊ अभ्यंकर, आपल्याला त्रास देते आहे,’ केया म्हणाली. नेहमीसारखंच स्वच्छ, इस्त्री केलेलं जर्मन. ‘एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला घरी परत जायचं आहे.’

‘कोण?’

‘नाव सांगू नका म्हणाली आहे.’

‘बरं. ताप वगैरे?’

‘नाही. तब्येत ठीक आहे. वर्गात कोणाला काही कळत नाही, तिथे ती हसते-बोलते. घरी आली की रडते. झोप लागत नाही. आठ दिवस झाले.’

सुलेखाताई मनातल्या मनात मुलींची हजेरी घेत होत्या. तिसऱ्या आठवड्यात हे होतंच. पहिला आठवडा मजेत जातो, दुसरा दमण्यात, आणि तिसऱ्यात माणसाला घर आठवतं. फाइलमध्ये सोळाव्या पानावर त्यांनी लिहिलंही होतं, मुलाला नदीकाठी फिरायला न्या, त्याला बोलू द्या, यजमानबाईंना सांगा.

‘जेवते का नीट?’ त्यांनी विचारलं.

‘काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. ब्रेड संपला होता. आज सुट्टी आहे हे ती विसरली, आणि दुकानं बंद आहेत.’

सुलेखाताईंचा हात शनिवारच्या खणावर थांबला. कार्यक्रमातलं प्रत्येक मूल कुणा ना कुणाच्या घरी होतं. तिथे कुठल्याही मुलीला ब्रेड विकत आणावा लागत नाही. उलट सणाच्या दिवशी त्या बायका मुलांना खाऊ घालून घालून आडवं करतात. अख्ख्या ग्रात्समध्ये त्यांच्या माणसांपैकी एकच माणूस एकटं राहत होतं, एकटं जेवत होतं, आणि ते विद्यार्थी नव्हतं.

त्यांनी डबी बाजूला सारली आणि फोन जवळ ओढला.

‘केया,’ त्या मराठीत म्हणाल्या, ‘जेवलीस का गं?’

पलीकडून जर्मनमध्येच, पण बारीक आवाजात: ‘मी त्या विद्यार्थिनीबद्दल बोलते आहे.’

‘मीही तिच्याबद्दलच विचारतेय.’

‘फ्राऊ अभ्यंकर, तिसऱ्या पानावर लिहिलं आहे. शिक्षकालाही...’

‘ती फाइल मीच लिहिलीय. खड्ड्यात घाल ती फाइल. जेवलीस का?’

मग केया रडायला लागली. आवाज न करता रडायची सवय झालेलं माणूस एकदम आवाज करून रडतं तशी. त्यांनी तिला थांबवलं नाही. खूप वेळाने ती म्हणाली, ‘नाही काकू. काहीच नाही घरात. मस्टर्ड आहे. आणि दोन पोटॅटोज.’

‘दोन बटाटे म्हणजे काहीच नाही? उकडत टाक. टाक आत्ता, मी आहे फोनवर.’

भांड्याचा आवाज आला, नळाचा आला. शिक्षकाला मिळणारा फ्लॅट दरवर्षी तोच, त्यामुळे ते स्वयंपाकघर सुलेखाताईंना पाठ होतं. डावीकडची शेगडी नीट पेटत नाही हे त्यांनी सांगितलं. केया नाक ओढत म्हणाली, ‘हो, पेज ट्वेंटी-टू.’

‘आईशी बोललीस हे सगळं?’

‘मॉमशी मी सेव्हन्टीन डेज बोललेच नाहीये.’

‘का?’

‘काकू, रूल आहे ना. मुलांना संडेला हाफ अवर आहे. आपल्याला नो एक्सेप्शन. मॉमला जर्मन कुठे येतं? ती टेक्स्ट करते, मी थम्ब्स-अप पाठवते. तिला वाटतं मी खूप बिझी आहे.’

सुलेखाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. अर्विंगमध्ये एक आई सतरा दिवस अंगठ्याचं चित्र बघत बसली होती, आणि ते चित्र आपल्या लाल अक्षरांमुळे गेलं होतं. आत्ता कबूल केलं नाही तर पुन्हा कधी होणार नाही, हे त्यांना कळलं. त्या बोलल्या.

‘केया, तो नियम मी पाळलेला नाही. कधीच.’

‘म्हणजे?’

‘दरवर्षी तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मी संध्याकाळी दार लावून घ्यायचे. स्टेशनजवळ एक आशियाई दुकान आहे, तिथून बेसन आणायचं, पिठलं-भात करायचा, आणि मिरजेला चारुताला, माझ्या बहिणीला फोन लावायचा. तिच्याकडे मध्यरात्र व्हायची, तरी ती जागी राहायची. दोन-दोन तास मराठीत बोलायचं. रडायचं. गुरुवारी सकाळी उठून वर्गात जाऊन पोरांना सांगायचं, नियम म्हणजे नियम. बावीस वर्षं.’

बटाट्याचं पाणी खदखदत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. सुलेखाताईंना वाटलं होतं की ती हसेल. केया हसली नाही.

‘तुम्ही फाइलमध्ये का नाही लिहिलं? दातांच्या डॉक्टरचं लिहिलं, ट्रॅमचं लिहिलं. हे का नाही?’

‘लाज वाटली.’

‘मला वाटलं माझ्यातच समथिंग इज राँग. मला वाटलं, काकूंनी बावीस वर्षं केलं आणि मी तीन आठवडे पण करू शकत नाही. मुलांना यजमान आहेत, एकमेक आहेत. मी कुणाकडे जाऊ? मुलांसमोर तर रडू शकत नाही ना.’

हे सुलेखाताईंना लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मुलांची काळजी कशी घ्यायची हे त्रेचाळीस पानं भरून लिहिलं, आणि शिक्षकाची कोण घेणार याबद्दल एक ओळ नाही. कशी लिहिणार? स्वतःला ती लागते हे त्यांनी कधी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

‘चुकलं माझं,’ त्या म्हणाल्या. ‘फार चुकलं.’

केया म्हणाली, ‘काकू, मला घरी यायचंय. खरंच. मी ट्राय केलं.’

सुलेखाताईंच्या ओठांवर वाक्य तयार होतं. आता निम्मं तर झालं. पोरं मजेत आहेत. काळजी करू नकोस. ते वाक्य त्यांनी स्वतः बनवलेलं नव्हतं, ते त्यांना कुणीतरी दिलेलं होतं. ते दिलं त्या दिवशी त्या एका टेलिफोन बूथमध्ये उभ्या होत्या, पायाशी भरलेली बॅग होती. वाक्य शहाणपणाचं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. त्यांनी ते गिळून टाकलं.

केया आली तर काय होईल हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मुलं परत येतील. ऑफिसचं पत्र येईल. प्रासलबाईंच्या माडीवरची खोली रिकामी राहील. आयुष्यात आपण उभी केलेली म्हणावी अशी एकच गोष्ट संपेल, आणि तीही आपण साधं जाऊ शकलो नाही त्या वर्षी.

‘ये,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘ये घरी. व्हिएन्नाहून शनिवारी विमान आहे, मी तिकीट बघते. मुलांचं आणि ऑफिसचं मी बोलते. तुला कुणी काही विचारणार नाही, विचारलं तर माझ्याकडे पाठव.’

‘काकू, प्रोग्रॅम बंद होईल.’

‘होईल. होऊ दे. तू तिथे रडत बसून चालवायचा असला तर नको मला तो.’

हे त्या मनापासून बोलल्या, आणि बोलताना डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. पलीकडे केयाने शेगडी बंद केली. बटाटे सोलत असावी, कारण मधेच ‘आउच’ म्हणाली.

‘काकू, तुम्ही फर्स्ट इयरला का नाही आलात परत? तुम्हाला पण यायचं असणार.’

‘यायचं होतं. बॅग भरली होती.’

‘मग?’

‘मला कोणी ये म्हटलं नाही.’

मागच्या खोलीतल्या फेऱ्या थांबल्या. सुलेखाताईंच्या तेव्हा लक्षात आलं की गेला अर्धा तास आपण मराठीत बोलतो आहोत, आणि फोन स्पीकरवर आहे.

केयाने बटाट्यांवर मीठ घातलं, प्रासलबाईंनी दिलेलं तेल ओतलं, आणि खाताखाता सांगितलं की चव वाईट नाही. सुलेखाताईंनी तिला फोन ठेवून आधी आईला लावायला सांगितलं. हव्या त्या भाषेत बोल, हवं तेवढं. उद्या सकाळी काय ते कळव. मग त्यांनी लॅपटॉप उघडून शनिवारचं तिकीट खरोखरच शोधलं, आणि ऑफिसला लिहायच्या पत्राच्या चार ओळी लिहून ठेवल्या.

राजीवराव दारात येऊन उभे होते. त्यांनी गोळ्यांची डबी पुढे ओढली आणि उरलेले खण स्वतः भरले. रविवारच्या खणात एक गोळी जास्त पडली होती, ती सुलेखाताईंनी काढली.

शुक्रवारी सकाळी सातलाच फोन आला. त्या अजून चहा गाळत होत्या.

‘काकू, मॉमशी थ्री अवर्स बोलले,’ केयाचा आवाज बसलेला होता, पण तिचा स्वतःचा होता. ‘मग डॅड आला. मॉम म्हणाली तूच ये, नाहीतर मी येते. डॅड म्हणाला ये. तुम्ही पण ये म्हणता. सगळेच ये म्हणतायत.’

‘मग? घेऊ तिकीट?’

‘नको,’ केया म्हणाली. ‘मंडेला क्विझ आहे. मी आले तर कोण घेणार? आणि योडरला आत्ता कुठे बोलायला जमतंय.’ मग जरा थांबून, ‘यायचं झालं तर येऊ शकते ना? पुढच्या वीकमध्ये पण?’

‘कधीही. रात्री दोनला फोन कर. ये म्हणेन.’

‘ओके. मग मी राहते.’

सुलेखाताईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं, पण त्याबरोबर असं दुसरंही काहीतरी पडलं जे त्यांना लगेच उचलता येईना. राजीवराव समोर बसले होते. चहा त्यांनीच कपांत ओतला. एका हाताने भांडं धरताना छातीला ओढ बसते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘मग, येतेय का केया?’ त्यांनी विचारलं.

‘नाही. राहतेय ती.’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘मला तुझा पहिल्या वर्षीचा तो फोन आठवतो,’ मग म्हणाले. ‘त्या आठवड्यात प्रपोझल द्यायचं होतं. निहारला कांजिण्या आल्या होत्या, मी तुला सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, फार एकटं वाटतंय. मी म्हणालो, निम्मं तर झालं. मला वाटलं मी धीर देतोय.’

‘देतच होतास.’

‘मी ये म्हणालो असतो, तर आली असतीस?’

सुलेखाताईंनी खरंच विचार केला. बूथ आठवला, बॅग आठवली, दुसऱ्या दिवशीचा वर्ग आठवला.

‘नसते आले,’ त्या म्हणाल्या.

‘बघ,’ राजीवराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. ‘मार्चमध्ये जा म्हटलं तर थांबलीस. तेव्हा ये म्हटलं असतं तर आली नसतीस. तुझं सगळं उलटं. मग मी म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, फरक काय पडला असता?’

‘बुधवारचा फोन चारुताला नाही, तुला केला असता,’ सुलेखाताई म्हणाल्या. ‘बावीस वर्षं.’